दिवाळीच्या ऑर्डरींवरून बारमाही धंद्यावर कसं यायचं

दरवर्षी दिवाळी झाली की मला दहाबारा जणींचे तरी फोन येतात. सगळ्यांचं बोलणं साधारण सारखंच, ताई यंदा ऑर्डरी खूप झाल्या, रात्रीचे दोन दोन वाजले, घरातली सगळी राबली, लोकांनी नावाजलं पण, आणि आता डिसेंबर उजाडला तर फोन वाजत नाही, पुढचे दहा महिने काय करू? मी स्वतः पहिली चार वर्षं अशीच काढली आहेत म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. माझं थालीपीठाची भाजणी, उपवासाची भाजणी आणि मेतकूट असं काम आहे, सुरुवात घरच्या ओट्यावर झाली, आता एक छोटा गाळा भाड्याने घेतलाय आणि पाच जणी कामाला येतात. लोणचं, मसाले, लाडू असं काही करत असाल तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात आधी पदार्थ ठरवा, आणि इथेच बहुतेक जणी चुकतात. आपली यादी केवढी असते बघा, चकली, चिवडा, शंकरपाळी, अनारसे, करंजी, पुरणपोळी, मोदक, वर कोणी मागितला तर केकसुद्धा. यादी मोठी म्हणजे धंदा मोठा असं वाटतं, प्रत्यक्षात प्रत्येक पदार्थाचं सामान वेगळं, हात वेगळा, उरलेला माल वेगळा. मी सांगेन एकच निवडा, फार तर दोन. निवडताना तीन गोष्टी बघायच्या: तो पदार्थ घरात संपतो का आणि संपला की परत लागतो का, तो निदान दोनतीन महिने टिकतो का, आणि तो तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून तसाच होऊ शकतो का. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

चकली घ्या. लोक चकली दिवाळीत घेतात, फार तर मे महिन्यात मुलांसाठी. ती प्रवासात मोडते, तेलाचा भाव वाढला की आपलं कंबरडं मोडतं, महिन्याभरात तिला जुना तेलकट वास यायला लागतो, आणि खुसखुशीत होणं सगळं हातावर. आता त्याच चकलीची भाजणी घ्या किंवा थालीपीठाची घ्या. तळण नाही, मोडायचं काही नाही, नीट भाजली आणि कोरडी भरली तर तीन महिने आरामात राहते, आणि ज्या घरात सकाळच्या नाश्त्याला थालीपीठ होतं त्या घरात अर्धा किलोचं पाकीट तीनेक आठवड्यांत संपतंच. म्हणजे एकच गिऱ्हाईक वर्षातून बारापंधरा वेळा येतं. मला हे कळायला चार दिवाळ्या लागल्या, आणि कळलं ते सुद्धा एका मावशींमुळे, त्या म्हणाल्या अगं चकल्या राहू दे, तू ज्या भाजणीच्या करतेस ती भाजणीच दे ना मला. तेव्हापासून चकली फक्त दिवाळीचे वीस दिवस, बाकी वर्षभर भाजणी. दिवाळीची कमाई बोनस समजायची, घर चालवायचं ते रोजच्या पिठावर.

दुसरं काम, कृती वजनावर आणा. वाटी, मूठ, अंदाज हे घरासाठी छान आहे, विकायच्या मालाला चालत नाही, कारण आज वाटी शिगोशीग भरली आणि उद्या सपाट भरली तर चव बदलते, आणि गिऱ्हाईक बोलत नाही, नुसतं यायचं बंद होतं. माझ्या थालीपीठ भाजणीचं 20 किलोचं प्रमाण सांगते, यात लपवण्यासारखं काही नाही. बाजरी 6 किलो, ज्वारी 5, तांदूळ 3, गहू 2, हरभरा डाळ अडीच किलो, उडीद डाळ 1 किलो, धने 400 ग्रॅम, जिरे 100 ग्रॅम. भाजून दळून हातात साधारण साडेअठरा किलो येतं, बाकीचं भाजण्यात आणि जात्यात जातं. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. एकत्र भाजली की जिरं करपतं आणि बाजरी कच्ची राहते.

भाजण्याबद्दल थोडं जास्त सांगते कारण सगळा धंदा त्यावर उभा आहे. उडीद डाळ मंद आचेवर टाकली की आधी काही होत नाही, मग तिचा कच्चा हिरवट वास जातो, मग एक क्षण असा येतो की डाळ हाताखाली हलकी लागते, उलथन्याचा आवाज बदलतो, खडखड वाजायला लागतं आणि रंग जेमतेम बदामी होतो. तिथे उतरवायची. अजून एक मिनिट ठेवली तर पीठ कडवट. हे माझ्या नाकाला कळत होतं, पण मला ते दुसरीला शिकवायचं होतं, तर मी काय केलं, प्रत्येक धान्याचं घड्याळ लावून टिपण केलं, एका वेळी कढईत दोनच किलो, आच इतकी, मिनिटं इतकी, आणि बरोबर भाजलेल्या प्रत्येक धान्याची एक एक छोटी बरणी भरून खिडकीपाशी ठेवली, नवीन बाईने भाजलेलं धान्य त्या बरणीशेजारी धरून बघायचं, रंग जुळला तर पुढे. ते टिपण आणि त्या बरण्या म्हणजेच माझा खरा धंदा आहे असं मी मानते, कारण त्या झाल्यावरच मी आजारी पडले तरी माल निघायला लागला. (बरण्या दर दोन महिन्यांनी बदला, रंग उतरतो.)

गिरणीचंही सांगते. तुमच्या आधी कुणी मिरची किंवा हळद दळली असेल तर पहिल्या दोनतीन किलोला तो वास लागणारच. गिरणीवाल्या दादांशी बोलून ठेवा, आठवड्याचा एक वार आणि सकाळची पहिली वेळ ठरवून घ्या, आणि तरीही पहिलं किलोभर पीठ वेगळं काढून घरी वापरा. आणि दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते तसंच पिशवीत भरायचं नाही. एकदा ऑर्डर अंगावर आली म्हणून मी पीठ गरम असतानाच भरून पिशव्या सील केल्या, आतून वाफ धरली, आणि दहा दिवसांनी एका बाईंचा फोटो आला, पिठात गाठी आणि कुबट वास. 18 किलो माल होता. ज्यांना ज्यांना दिला त्या सगळ्यांना फोन केले, पाकीट फेकून द्या म्हटलं, नवीन पाठवलं किंवा पैसे परत केले. महिन्याचा नफा गेला त्यात, पण ज्यांना फोन केले त्यातल्या बऱ्याच जणी आजही घेतात. आता पीठ ताटांत पसरून रात्रभर गार होतं, वर मलमलचं कापड, आणि पावसाळ्यात पंखा, मगच भरणं. आणि प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर, म्हणजे काही बिघडलं तर नेमकी कुठली पाकिटं परत मागवायची ते कळतं.

आता किंमत. हा भाग नीट वाचा, कारण आपण इथे स्वतःलाच फसवतो. एका किलोला काय खर्च येतो ते मी माझ्या पद्धतीने मांडून दाखवते, आकडे तुमच्या गावच्या भावाने बदला.

धान्य, घट धरून 60 रुपये
गॅस 10
दळण 10
दोन पाऊच आणि लेबलं 14
मजुरी 32
रिक्षा, लाईट, फोन 9
चवीला दिलेलं, सांडलेलं, फुटलेलं 5

झाले 140. यातली 32 रुपये मजुरी म्हणजे निवडण्यापासून भरण्यापर्यंतचे दहा तास, तासाला 60 रुपयांनी, 600 रुपये, भागिले साडेअठरा किलो. बहुतेक जणी ही ओळ लिहीतच नाहीत, म्हणतात मी तर घरीच असते. असं करू नका हो. आज तुम्ही फुकट राबताय म्हणून धंदा नफ्यात दिसतो, उद्या बाई ठेवली की तिला पगार द्यावाच लागेल आणि मग समजेल की नफा नव्हताच, तुमची मजुरी होती ती.

आता समजा तुम्ही 180 रुपये किलोने विकताय. 40 सुटले, खूश. पण एखादा दुकानदार म्हणाला माल ठेवतो, 25 टक्के कमिशन द्या, तर 180 चे तुमच्या हातात 135 येतात, म्हणजे किलोमागे 5 रुपये पदरचे. म्हणून भाव पहिल्या दिवसापासून दुकानाच्या बाजूने ठरवायचा. 240 ठेवा, दुकानातून गेलं तर 180 येतात आणि 40 सुटतात, घरून गेलं तर 100 सुटतात, आणि त्या शंभरातून नवीन गिऱ्हाइकाला चवीची पुडी, घरपोच पाठवणं हे सगळं भागतं. दुकानात 240 आणि घरी 190 असंही करू नका, दुकानदाराला कळतंच आणि मग तो आपला माल मागच्या फळीवर ढकलतो. महाग वाटेल, काही जण सोडून जातील, जाऊ द्या. स्वस्त म्हणून आलेलं गिऱ्हाईक दहा रुपये स्वस्त मिळालं की तिकडे जातं.

बारमाही पैसा कसा येतो तर वहीतून. माझी वही साधी आहे, नाव, काय नेलं, किती नेलं, कुठल्या तारखेला, घरात माणसं किती. अर्धा किलो नेणाऱ्या चार माणसांच्या घरी विसाव्या दिवशी माझा मेसेज जातो, ताई भाजणी संपत आली असेल, शनिवारी गाडी तुमच्या भागात आहे, ठेवू का? बस एवढंच. दहातल्या सहासात जणी हो म्हणतात, कारण खरंच संपत आलेली असते. यातूनच पुढे काही जणींनी स्वतःहून सांगितलं की दर महिन्याला एक किलो पाठवतच जा, विचारू नको. अशी ठरलेली घरं 60 झाली तेव्हा मला पहिल्यांदा पुढच्या महिन्यात किती पैसे येणार हे आधी सांगता आलं, आणि ते समाधान दिवाळीच्या एकरकमी लाखापेक्षा मोठं होतं खरं सांगते. तुम्हीही ऑर्डरी मोजण्यापेक्षा ठरलेली घरं मोजा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग करून ठेवा, पण ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 च नंबर बसतात आणि समोरच्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, म्हणून पहिलं पाकीट देतानाच गोड बोलून नंबर सेव्ह करून घ्या. आणि रोज रोज सुप्रभात पाठवू नका, लोक म्यूट करतात.

आठवडा बांधून घ्या. माझा मंगळवार निवडणं, बुधवार भाजणं, गुरुवार सकाळी गिरणी, शुक्रवार भरणं, शनिवार पोचवणं. कोणी सोमवारी म्हणालं उद्याच हवंय तर नाही म्हणायचं, शनिवारी देते म्हणायचं. सुरुवातीला जड जातं पण एकदा गल्लीला सवय झाली की लोकच एकमेकांना सांगतात तिची गाडी शनिवारी असते.

कागदपत्रं लवकर उरकते. खाण्याचं काहीही विकत असाल, घरातून का असेना, तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागतेच, ती फॉसकॉस नावाच्या पोर्टलवर होते, 14 आकडी नंबर मिळतो, तो पाकिटावर छापायचा. त्याशिवाय पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर, तुमचं नाव पत्ता, तक्रारीसाठी नंबर आणि शाकाहाराची हिरवी खूण. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे, 2020 पासून सुरू आहे, त्यासाठी कुणी हजार दोन हजार मागत असेल तर देऊ नका. जीएसटी, फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकत असाल तर साधारणपणे वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण बेळगावला, गोव्याला, हैदराबादला माल विकायला लागलात की रक्कम कितीही असो नोंदणी लागते, तेव्हा बाहेरची पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी एखाद्या सीएला अर्धा तास भेटा. आणि धंद्याचं खातं वेगळं काढा. घरखर्चाच्या खात्यात धंद्याचे पैसे आले की किराण्यात जातात आणि हिशोब कधीच लागत नाही. मी महिन्याच्या 5 तारखेला धंद्याच्या खात्यातून माझ्या खात्यात ठरलेला पगार घेते, पहिल्या वर्षी तो 6 हजार होता, पण होता.

माणसं कधी घ्यायची आणि काय सोपवायचं? इथे लिज्जतचं उदाहरण मला फार शिकवून गेलं. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे आपल्याला माहीत असतं, पण ते वाढलं कसं ते बघा. पीठ एका ठिकाणी भिजवलं जातं, सभासद बहिणी ते घरी नेतात, लाटतात, वाळवतात, आणून देतात, तिथे तपासणी होते आणि लाटणावळ मिळते. म्हणजे चव जिथे ठरते ते पीठ मध्यभागी ठेवलं आणि जे हात मागतं ते लाटणं हजारो घरांत वाटलं. तुमच्या पदार्थात चव कुठे ठरते ते शोधा, ते काम शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवा, आणि बाकीचं आधी सोपवा. माझ्याकडे आधी निवडणं आणि पाकिटं भरणं दिलं, मग गिरणी आणि पोचवणं, भाजणं दीड वर्षाने, वजनं करणं आजही मी किंवा माझी जाऊ. आणि एक बारीक गोष्ट, निवडण्याचे पैसे किलोवर दिले तर चालतं, भाजण्याचे कधीही किलोवर देऊ नका, रोजावर द्या. किलोवर दिले की आच मोठी होते.

दुकानं घ्या पण जपून. मी एका मोठ्या दुकानाला माल दिला होता, सुरुवातीला मान वाटला, महिन्याला 40 किलो जायचं, माझा निम्मा माल तिथेच. पैसे आधी महिन्याने, मग दोन महिन्यांनी, मग चार महिन्यांनी, आणि शेवटी मुदत संपत आलेली पाकिटं परत. मला तेव्हा माहीत नव्हतं की आपलं उद्यम झालेलं असलं तर कायदा आपल्या बाजूने आहे, एमएसएमई म्हणजे छोट्या उद्योगांचा कायदा 2006 चा आहे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशिरावर व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. 2024 पासून तर असं आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या व्यापाऱ्याला ज्या वर्षी पैसे खरोखर देईल त्याच वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये दाखवता येतो. म्हणून बिलावर उद्यम नंबर छापा, मुदत छापा, आणि कितीही मोठं दुकान असलं तरी आपल्या मालाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका दारात जाऊ देऊ नका.

हे फक्त दुकानाचं नाही. अमेरिकेत फराळ पाठवणाऱ्या कितीतरी जणी आहेत आपल्याकडे. ऑगस्ट 2025 च्या शेवटी तिकडे 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी बंद झाली, आपल्या टपाल खात्यानेही तिकडची बहुतेक पार्सलं थांबवली, ती परत सुरू झाली 15 ऑक्टोबरला, तोवर दिवाळी आठवड्यावर आली होती. ज्यांचा सगळा हंगाम त्या एकाच वाटेवर होता त्यांचं काय झालं असेल विचार करा.

प्रदर्शनं मात्र करा, मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा, तुमच्या तालुक्याचं बचत गटांचं जे असेल ते. तिथल्या विक्रीपेक्षा तिथून किती नंबर वहीत आले ते मोजा. थालीपीठ तिथेच तव्यावर लावा, वर लोण्याचा गोळा, बोलावं लागत नाही.

मशीन शेवटी. लोक उलटं करतात, आधी कर्ज, मग रोस्टर म्हणजे धान्य भाजायचं मशीन, मग गिऱ्हाईक शोधणं. माझा नियम, सलग तीन महिने ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या तरच मशीन, आणि त्या तीन महिन्यांचा हिशोब घेऊनच बँकेत जायचं. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. खाद्यप्रक्रियेसाठी केंद्राची पीएमएफएमई योजना 2020 मध्ये आली, त्यात प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान कर्जाला जोडून मिळतं, आणि बचत गटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवल. आपल्याकडे हे काम कृषी विभाग बघतो, तेव्हा जिल्हा कृषी कार्यालयात जाऊन योजना सध्या चालू आहे का, मुदत काय आणि जिल्हा संसाधन व्यक्तीचा नंबर विचारा, ती व्यक्ती प्रकल्प अहवाल करून द्यायला मदत करते. अनुदान बँकेत कर्जाशी जोडून जमा होतं, हातात रोख येत नाही, म्हणून अनुदान नाही असं समजून हप्ता झेपतो का ते आधी बघा.

आणि ड्रम रोस्टर बघायला जाल तेव्हा विक्रेत्याचं धान्य भाजून बघू नका. आपली उडीद डाळ दोन किलो घरून न्या, आपली रंगाची बरणी न्या, आणि त्याच्यासमोर भाजून बरणीशेजारी धरा. मी तिसऱ्या ठिकाणी घेतला, पहिल्या दोन्ही ठिकाणी डाळ बाहेरून लाल आणि आत कच्ची निघाली होती.